इंजिन तर मारुतीचंच!

वर्कशॉपमध्ये आलेला माणूस माझ्या रेसच्या गाडीभोवती एक फेरी मारतो आणि हमखास विचारतो, "इंजिन तर मारुतीचंच दिसतंय. मग तुम्ही बनवता काय?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

इंजिन विकत आणण्यात कमीपणा नाही. 1959 आणि 1960 साली जॅक ब्रॅबम ज्या कूपर गाड्यांवर फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, त्यांचं इंजिन कोव्हेंट्री क्लायमॅक्सचं, म्हणजे आग विझवायच्या पंपांची इंजिनं करणाऱ्या कंपनीचं होतं. कूपरवाल्यांनी ते ड्रायव्हरच्या पाठीमागे बसवलं, खरी करामत ती. आपल्याकडे कोइंबतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 च्या 796 सीसी इंजिनावर फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी उभी केली. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्याच गाडीवर झाली.

मी बनवतो ते या इंजिनाच्या आजूबाजूचं सगळं. पोट मात्र भरतं ते लोकांच्या गाड्यांना रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा पाइपांचा पिंजरा, बसवून, हेही सांगून टाकतो.

पहिली चेसिस, म्हणजे गाडीचा पाइपांचा सांगाडा, कोल्हापुरात, उद्यमनगरात एका ओळखीच्या शेडमध्ये केली. उत्साहाच्या भरात आधी एक बाजू पूर्ण वेल्ड केली, मग दुसरी. उष्णतेने पाइप ओढले गेले आणि सांगाडा पिळला. डोळ्यांना काहीच दिसेना, पण गाडी डावीकडे झकास वळायची आणि उजवीकडे नाक बाहेर काढायची, म्हणजे हवी तेवढी वळायचीच नाही.

भंगारवाल्याचा वजनकाटा मागून आणला. एका चाकाखाली काटा, बाकी तिघांखाली तेवढ्याच उंचीचे ठोकळे, सीटवर हेल्मेट घालून भाचा. एकेक चाक मोजलं. पुढचं डावं 118 किलो, पुढचं उजवं 92. मागचं डावं 132, मागचं उजवं 158. टपरीवरचं डुगडुगणारं टेबल असतं ना, तसंच. तिरप्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून, 276 किलो, उरलेल्या दोनांवर 224. एका पायाखाली कागदाची घडी सारली की चारही पायांचा हिशोब बदलतो. इथे घडीच्या जागी स्प्रिंग घट्ट-सैल करणारा नट. डावीकडचा पुढचा नट अर्धा फेरा सैल करायचा, गाडी हलवून बसवायची, पुन्हा चारही चाकं मोजायची.

पुढच्या चेसिसला इकडे एक टाका, समोर एक टाका, असंच वेल्डिंग केलं. पण त्या रात्री नटच फिरवत होतो. अकरा वाजता सीटवरून आवाज आला, "मामा, आता श्वास घेऊ का?"