डाळिंबाची साल आणि पंपातलं स्ट्रेप्टो

मागच्या मृग बहारात सांगोल्याच्या आमच्या बागेतली बरीच फळं तेल्या रोगानं तडकली. असा माल व्यापारी हातात धरत नाही. आईनं त्यातली जरा बरी फळं सोलली, साली सावलीत वाळवल्या आणि पिशवी भरून मला पाठवून दिल्या. मीच मागितल्या होत्या. पीएचडीसाठी मी या सालींपासून कार्बन डॉट्स, म्हणजे प्रकाश टाकला की उजळणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, करते.

2004 मध्ये अमेरिकेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या (नॅनोट्यूब) शुद्ध करताना हे चमकणारे कण अचानक सापडले. 2012 मध्ये आपल्याकडच्या संशोधकांनी ते संत्र्याच्या रसापासून केले. मग साल का नको? पूड करायची, पाण्यात कालवून टेफ्लॉनच्या भांड्यात भरायची, ते भांडं स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद डब्यात, आवळून 180 अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये ठेवायचं. सालीतली साखर आणि टॅनिन तुटतात, पुन्हा जुळतात, आणि 10 नॅनोमीटरपेक्षा लहान कण तयार होतात. सकाळी गाळून, डायलिसिस करून (बारीक छिद्रांच्या पडद्यातून नको ते काढून) हाती येतो तो कोऱ्या चहासारखा द्राव. 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला की निळा उजळतो. पहिला फोटो मी आईला पाठवला. तिचा लगेच फोन: "ह्ये आपल्या सालीचं हाय?"

हा निळा उजेड मला हवाय तो टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक शोधायला. तेल्या जिवाणूमुळे होतो, म्हणून बागेत वर्षानुवर्षं स्ट्रेप्टो नावाची पूड मारत आलेत. त्या पुडीत 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि 10 टक्के टेट्रासायक्लिन असतं. आपण फवारणीला "औषध मारणं" म्हणतो, पण हे खरोखरच माणसांचं औषध आहे. लिटरला अर्धा ग्रॅम धरलं तर पंपातल्या प्रत्येक लिटरमध्ये 50 मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन. पानांवरून निथळून ते मातीत जातं, आणि तिथले जिवाणू थोड्या थोड्या मात्रेत त्याला सरावत जातात.

टेट्रासायक्लिन साधारण 360 नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. डॉट्स उजळवायला मी जवळपास तोच प्रकाश टाकते. झाडापर्यंत ऊन पोचायच्या आत शेडनेटनं अडवावं, तसं टेट्रासायक्लिन तो आधीच खाऊन टाकतं. निळा किती मंदावला यावरून मात्रा काढता येते.

दिवाळीत घरी गेले तेव्हा विहिरीचं पाणी आणि पंप धुतात तिथल्या डबक्यातलं पाणी बाटल्यांत भरून आणलं. उन्हात टेट्रासायक्लिन विघटित होतं, म्हणून बाटल्यांना फॉइल गुंडाळली होती. डबक्याच्या पाण्यात उजेड जवळजवळ विझला. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना सांगून बसले की सापडलं. रात्री झोप लागेना. अण्णा स्ट्रेप्टोबरोबर कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशक मिसळतात, आणि तांब्याचे आयनसुद्धा डॉट्सचा उजेड विझवतात! सकाळी नमुन्यात ईडीटीए घातलं. त्यानं तांबं धरून ठेवलं आणि बराचसा निळा परत आला. सगळा नाही आला. जो आला नाही, तेवढाच माझा पुरावा, आणि तोही लिक्विड क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, पडताळल्याशिवाय प्रबंधात जाणार नाही. विहिरीच्या पाण्यात माझ्या पद्धतीला काही दिसलं नाही. अण्णांना ते सांगताना मला फार बरं वाटलं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. पुडीतलं 90 टक्के स्ट्रेप्टोमायसिन माझ्या डॉट्सना दिसतच नाही, कारण ते त्या पट्ट्यातला प्रकाश शोषत नाही. माझ्या आजोबांना क्षय झाला होता. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया घेऊन ते वाचले, आणि पुढे त्यांनीच ही विहीर खणली. त्याच औषधाचा माग काढायला आता डॉट्सवर अ‍ॅप्टॅमर, म्हणजे नेमका तोच रेणू पकडणारी डीएनएची छोटी साखळी, बसवायचा प्रयत्न चालू आहे. अजून जमलेलं नाही.

शिवाय टेट्रासायक्लिन चिकणमातीला घट्ट चिकटतं, त्यामुळे नुसतं पाणी तपासून भागणार नाही. अण्णांनी न सांगताच तिसऱ्या ओळीतल्या झाडाखालची माती काढून, डब्याला फॉइल गुंडाळून ठेवली आहे. पुढच्या शनिवारी आणायला जाते आहे.