फ्लोरिडाची ५३७ मतं

परवा मालेगावचा विषय निघाला. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला, आपल्याच नाशिक जिल्ह्यात, आणि तरी आमच्या सोसायटीत लोक म्हणतात एका मताने काय होतंय. मला अशा वेळी २००० सालची अमेरिकेची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आणि त्यातलं फ्लोरिडा राज्य आठवतं.

तिथे जवळपास ६० लाख मतं पडली आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांच्याविरुद्ध जिंकले ५३७ नी. बुश २९,१२,७९०, गोर २९,१२,२५३. तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो देशभरच्या एकूण मतांवर नाही, राज्याराज्यांच्या वाट्याला आलेल्या इलेक्टोरल मतांवर, आणि त्या वेळी या राज्याची २५ इलेक्टोरल मतं ज्याची तोच राष्ट्राध्यक्ष, त्यामुळे देशभरात पाच लाखांवर मतं जास्त मिळवूनही गोर हरले.

पण मला खरी टोचते ती फ्लोरिडातल्याच पाम बीच काउंटीची, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्याची मतपत्रिका. तिथे म्हातारी माणसं खूप, म्हणून अक्षरं मोठी करू असं ठरलं, हेतू चांगलाच होता, पण मग नावं एका पानावर मावेनात म्हणून समोरासमोर दोन पानांवर घेतली आणि मत द्यायला भोकं पाडायची ती मधोमध, एकाच रांगेत. डावीकडे वरून दुसरं नाव गोर, पण दुसरं भोक उजवीकडच्या ब्यूकॅनन या वेगळ्याच उमेदवाराचं! गोरचं तिसरं. त्या एका काउंटीत ब्यूकॅननला ३,४०० च्या वर मतं पडली, त्यातली बरीचशी आपली नाहीत असं ते स्वतःच म्हणाले. आणि १९ हजारांवर मतपत्रिका एकापेक्षा जास्त भोकं पडली म्हणून बाद. १९ हजार माणसं रांगेत उभी राहिली होती हो!

आमचे अण्णा शिक्षक, कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीच्या ड्युटीला जायचे. बादच्या गठ्ठ्यात मत टाकताना जिवावर यायचं म्हणायचे. शिक्क्यातली ती बाणांची फुली मुद्दाम तशी आहे हे त्यांनीच मला सांगितलं, घडी घातल्यावर ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली तर ती उलटी दिसते, मग खरा शिक्का कुठला ते कळतं आणि मत वाचतं. ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

फ्लोरिडात मात्र फेरमोजणीला अधिकारी मतपत्रिका उजेडात धरून भोकांचे अर्धवट तुटलेले, लोंबणारे कागदाचे तुकडे बघत बसले, आणि १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने फेरमोजणीच संपवली.

मागच्या वेळी आईला पंचवटीतल्या केंद्रावर घेऊन गेलो, ७८ वर्षांची आहे. आत जायच्या आधी तिला दोनदा सांगितलं, बटण दाबलं की लगेच वळू नकोस, बाजूच्या मशीनमध्ये सात सेकंद चिठ्ठी दिसते ती बघ. बाहेर आली तेव्हा आधी तेच विचारलं.

"बघितली रे," म्हणाली, "पूर्ण खाली पडेपर्यंत उभी होते."