ती वाट नव्हती, बांध होता

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सरत असताना, पुण्याहून आलेल्या भाचरांना घेऊन मी गोव्यातल्या रायबंदरच्या फेरीबोटीने चोडण बेटावर गेले होते. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पाहून परतताना मुलांनी भाड्याच्या दुचाक्या शेतांमधल्या एका मातीच्या वाटेवर घातल्या. एका बाजूला पिकत आलेले भात, दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि मधून गेलेली ती अरुंद वाट, असे दृश्य पाहून छायाचित्राचा मोह होणे स्वाभाविक होते. तेवढ्यात शेतातून एक वृद्ध गृहस्थ हात उंचावत आले आणि ही वाट नाही, बांध आहे, एवढेच त्यांनी सांगितले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. तरीही मला अपराधी वाटले, कारण मी फोंड्यात वाढलेली आहे आणि खाजन शेतीचा बांध मला ओळखता यायला हवा होता.

गोव्यातील खाजन जमिनी म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून माणसाने सोडवून घेतलेली शेते. माती, पेंढा आणि चिऱ्यांचे बांध घालून नदीचे पाणी बाहेर अडवायचे आणि बांधात ठरावीक जागी लाकडी दारांची मानस बसवायची, अशी ही रचना आहे. भरती आली की पाण्याच्या दाबानेच ही दारे मिटतात, ओहोटीला ती उघडतात आणि शेतात साचलेले पाणी नदीत उतरते. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून गावकारी, म्हणजे गावाची सामूहिक जमीन सांभाळणारी संस्था, या बांधांची आणि मानशींची देखभाल करीत असे. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी गावकारीच्या ज्या प्रथा नोंदवल्या, त्या तेव्हाच जुन्या होत्या. खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात, म्हणून त्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. बांधाला खिंडार पडून खारे पाणी आत शिरले, तर हातचे पीक जातेच, शिवाय मातीतील मीठ धुऊन निघेपर्यंत पुढच्या पावसाळ्यांतही तेथे नीट भात होत नाही. पावसाने मऊ झालेल्या अशा बांधावर आमच्या तीन दुचाक्या उभ्या होत्या.

आपण ज्याला गोव्याचा निसर्ग म्हणतो, त्यातील पुष्कळसा भाग कुणीतरी राबून किंवा स्वतःवर बंधन घालून राखलेला आहे, हे मला त्या दिवसापासून अधिक स्पष्टपणे दिसू लागले.

मोरजीचा किनाराच पाहा. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्याच्या महिन्यांत रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी असतात आणि पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. एकेकाळी हीच अंडी खाल्ली आणि विकली जात. पुढे त्याच किनाऱ्यावरची माणसे वन खात्याच्या बरोबरीने घरट्यांची राखण करू लागली, आणि हा बदल मला कोणत्याही कायद्याइतकाच मोलाचा वाटतो. पिल्ले उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात, पण किनाऱ्यावर प्रखर दिवे असले की ती उलट दिशेला जातात. रात्री वाळूत विजेरी किंवा मोबाईलचा झोत मारू नये, असे तेथील राखणदार सांगतात ते यासाठीच, आणि पाहुण्याने त्यावर वाद घालू नये.

सत्तरी तालुक्यातील देवरायांचे तसेच आहे. बांबर येथील निरंकाराच्या रायीत पाणथळ जमिनीतून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे असणारे जायफळाच्या कुळातील वृक्ष उभे आहेत. देवाच्या जागेतले काही तोडायचे नाही, हा लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला नियम नसता, तर ते आज दिसले नसते. अशा ठिकाणी गावातील कुणाला तरी विचारूनच आत जावे आणि चपला काढायला सांगितल्या तर काढाव्यात.

जेवणाच्या ताटालाही ऋतू असतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरण्यापेक्षा सुके मासे, तायकिळ्याची भाजी आणि घरगुती खानावळीत जे शिजले असेल ते खावे. रोयणीवरची, म्हणजे वारुळावर उगवणारी, अळमी (रानातली अळंबी) मात्र मी स्वतः आता रस्त्यावर विकत घेत नाही, कारण ती उमलण्याआधीच मोठ्या प्रमाणावर खुडली जातात आणि मागणी आपणच वाढवलेली असते.

गेल्या वर्षी भाचरे पुन्हा आली, तेव्हा आम्ही दुचाक्या फेरीच्या धक्क्यावरच ठेवल्या आणि चालत गेलो. ते गृहस्थ भेटले. बांधावरून चालायला हरकत नाही, पण एकामागून एक चला आणि कडेच्या गवतावर पाय देऊ नका, असे सांगून ते आम्हाला मानशीपाशी घेऊन गेले. ओहोटी सुरू व्हायची होती. मुले अर्धा तास तेथे उकिडवी बसून राहिली. मग लाकडी दारे किंचित हलली, फटीतून शेतातले गढूळ पाणी बाहेर झिरपू लागले, आणि धाकट्याने काका, हे कुणी बनवले, असे विचारले तेव्हा त्यांनी आपल्या आजोबांनी याच जागी बसवलेल्या जुन्या दाराची गोष्ट सांगायला सुरुवात केली.