सोडियम १०६

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी सत्तरीच्या आजींना उचलूनच आणलं. चार दिवस जुलाब, दोन दिवस असंबद्ध बडबड, पायात जीव नाही. रिपोर्ट आला: सोडियम १०६, पोटॅशियम २.३. सोडियम निदान १३५ हवं. पिशवीतून बीपीची थायझाइड गोळी निघाली, लघवीवाटे मीठ काढणारी. जुलाबातही ती एक दिवस चुकली नव्हती. सून म्हणाली, "बीपी म्हणून मीठ बंदच आहे त्यांचं. उकळलेलं पाणी मात्र भरपूर पाजलं."

"मीठ कमी झालंय ना डॉक्टर? मग भरून टाका की लगेच," मुलगा म्हणाला.

घोडं पेंड खातं ते इथंच. रक्त पातळ झालं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं, त्या फुगतात. कवटीत तर जागा नाही. मग फुगलेली पेशी आवरणातली खास दारं उघडते आणि क्लोराइड, टॉरिन असला ऐवज बाहेर सोडते, पोटॅशियमही आपल्या वाटेनं जातं, मागोमाग पाणी. (या दारांचं मुख्य प्रथिन ओळखलं गेलं २०१४ मध्ये, आम्हाला कॉलेजात कुणी शिकवणार कसं?) दोन दिवसांत पेशी बरीचशी मूळ आकाराला येते, पण रिकाम्या खिशानं. अशा वेळी सोडियम झपाट्यानं चढवलं तर ती आक्रसते, आणि गेलेला ऐवज परत जमवायला तिला दिवस लागतात.

रेसिडेन्सीत असा एक पेशंट पाहिला होता. सोडियम एका दिवसात चढवलेलं, तिसऱ्या दिवशी छान बोलत होता. पाचव्या दिवशी गिळणं बंद झालं, मग हातपाय. शेवटी डोळे तेवढे हलायचे.

आजींना झटके नव्हते, म्हणून ३ टक्के, म्हणजे जास्त मिठाचं सलाईन टाळलं. २४ तासांत सोडियम ८ अंकांहून जास्त चढवायचं नाही, असं ठरवलं. साधं सलाईन हळू आणि पोटॅशियम सुरू केलं. पोटॅशियम द्यावंच लागणार होतं. स्नायूपेशीतून ते कायम उघड्या वाटांनी झिरपतं, म्हणून आत उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास विजेचा दाब असतो. बाहेरचं घटलं की आतलं आणखी उणे होतं आणि स्नायू हाकेला ओ देत नाही. पण दिलेलं पोटॅशियम पेशीत शिरताना सोडियम बाहेर ढकलतं, म्हणजे सोडियमही चढवतं. ते मी हिशोबात धरलं होतं.

लघवी मात्र हिशोबात धरली नव्हती. रात्री एकला सिस्टरांनी हाक मारली, "सर, युरोबॅग बघा." लघवीच्या पिशवीत तासाभरात ४०० मिली, नळाच्या पाण्यासारखी पांढरी. शरीरातलं पाणी भरून आलं, तसा लघवी अडवणारा हार्मोन थांबला होता. सोडियम ११३. सात तासांत सात! सलाईन बंद केलं, त्याच हार्मोनचं काम करणारं डेस्मोप्रेसिन टोचलं, ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे बिनमिठाचं साखरपाणी लावलं आणि दर दोन तासांनी रक्त.

सकाळी सहाला ११२.

"रात्री ११३ होतं ना? कमी कसं झालं?"

"मुद्दाम कमी केलं."

मुलानं काही न बोलता मोबाईल काढला आणि ओळखीच्या कुठल्याशा डॉक्टरांना फोन लावला. मी युरोबॅगकडे पाहिलं. तासाला ५० मिली, गडद पिवळी.

पाचव्या दिवशी आजींच्या हातात पाण्याचा पेला दिला. "घोटभर प्या बघू." त्या वैतागल्या, पण प्यायल्या.