सेस्नाची सरकणारी सीट

जुन्या सेस्ना १७२ या छोट्या विमानात पायलटची सीट रुळावर मागेपुढे सरकते आणि रुळाच्या भोकात पिन बसली की लॉक होते. वापरून वापरून भोकं झिजतात, पिन अर्धवट बसते, आणि टेकऑफला नाक वर झालं की सीट सुर्रकन मागे! माणूस आधारासाठी योकच (विमानाचं स्टीअरिंग) घट्ट धरतो, तो मागे ओढला जातो, म्हणजे नाक अजून वर, पाय दिशा सांभाळणाऱ्या रडरच्या पेडलना पोचत नाहीत, पुढे स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली. अमेरिकेत एफएएने (तिथली विमानवाहतूक नियामक संस्था) १९८७ मधे रूळ तपासणं कंपल्सरी केलं, २०११ मधे परत नवीन ऑर्डर काढली. तरी मी म्हणेन स्टॉप लावाच, सीटमागे रुळावर छोटा क्लॅम्प, हाताने स्क्रू आवळायचा, बास. विमानातून बाहेर पडताना सीट मागे घ्यायची तर परत सैल करा, कटकट आहे खरी.