आमची वाटचाल : लग्नाच्या शूटिंगवरून क्लासच्या आवाजावर

आमचा मूळ धंदा लग्नाच्या शूटिंगचा, जळगाव, भुसावळ, चोपडा, यावल या पट्ट्यात सीझनला श्वास घ्यायला वेळ नसायचा. 2020 च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, ऑर्डरी धडाधड कॅन्सल झाल्या आणि इकडे क्लासवाल्या सरांचे फोन सुरू, भाऊ तुमच्याकडे कॅमेरा आहे ना, लेक्चर रेकॉर्ड करून द्या. कॅमेरा होता, लाईट होते, पण लग्नात आवाज कोण बघतं, वरून गाणं टाकलं की काम झालं. कोर्सचं उलटं आहे, चित्र जरा अंधुक असलं तरी पोरं चालवून घेतात, आवाज घुमला की लगेच बंद करतात.

सुरुवात केली साध्या कॉलर माईकवर, बोयाचा बीवाय-एम1, सहा मीटर वायर. सर फळ्याकडे वळले तरी माईक त्यांच्यासोबत वळतो, टेबलावरच्या माईकला ते जमत नाही. लावायचा हनुवटीखाली वीतभर अंतरावर, आणि मॅडम असतील तर मंगळसूत्र, ओढणी आधी बाजूला घ्यायला सांगायचं, नाहीतर पूर्ण लेक्चरभर खरखर.

खरी परीक्षा मे महिन्यात. आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, कूलर बंद केला तर सर बोलणार कसे आणि चालू ठेवला तर घरघर. तेव्हा गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, तो मोठा स्टुडिओवाला कंडेन्सर माईक घ्या ना, 48 व्होल्टचा करंट लागतो तो. अहो, तो माईक चांगलाच आहे, पण शांत खोलीसाठी. आमच्या खोलीत तो सरांसोबत कूलर, खालची भाजीची गाडी आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या पण तितक्याच प्रेमाने ऐकतो. त्यामुळे बसून बोलायच्या कोर्सला आम्ही डायनॅमिक माईकवर गेलो, हा लांबचं फारसं पकडत नाही, शुअर कंपनीचा एसएम58, 1966 पासून चालत आलेला, मंडपवाल्यांकडे दिसतो तोच. त्याच्या तोंडापासून चार बोटांवर बोलायचं आणि कूलर माईकच्या पाठीमागे ठेवायचा, कारण हा माईक समोरचं जास्त घेतो, मागचं कमी.

माझं तर स्पष्ट मत आहे की पैसे माईकवर घालवण्याआधी अंतर कमी करा. तोंड आणि माईकमधलं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो, खोलीचा घुमारा मात्र आहे तिथेच राहतो. मग गेन, म्हणजे माईकचा आवाज मोठा करायचं बटण, वाढवला की घुमारा पण वाढतो, फायदा शून्य. आणि खोलीत टाळी वाजवून बघा, मागे टणटण ऐकू आलं तर आधी भिंतीचं बघा. आम्ही घरातल्या जुन्या गोधड्या दोरीवर टांगल्या, फरशीवर गादी टाकली, दिसायला बोहाऱ्याचं दुकान, पण कॅमेऱ्यात फक्त पाठीमागचा पडदा दिसतो ना.

मराठीत अजून एक लफडं, फ, भ, ख, घ. "फॉस्फरस", "भौतिकशास्त्र" म्हटलं की हवेचा झोत थेट माईकवर, धप्प. फोम लावून पण राहिलं तर माईक तोंडासमोरून थोडा तिरका करायचा, निम्मा त्रास तिथेच जातो.

रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 48 हजार नमुने, कारण व्हिडिओला तेच चालतं. आवाजाची पातळी मीटरवर उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवतो, सर मधेच जोरात ओरडले तरी फाटत नाही. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही हे प्रत्येक नवीन पोराला आम्ही पहिल्या दिवशी सांगतो. सुरुवातीला थोडा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं, कूलर तसाच चालू, तो तुकडा ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शनला, म्हणजे मागची घरघर कमी करायला, नमुना म्हणून कामी येतो. ते पण थोडंच लावायचं हं, जास्त झालं की सर पाण्याखालून बोलतात. आणि बारीक गुंईं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बरेचदा तोच असतो.

आता शेतीचे कोर्स पण येतात, रावेरकडे केळीच्या बागेत उभं राहून बोलायचं. तिथे घुमारा नाही, पण वाऱ्याने पानं सळसळतात आणि माईकमध्ये फडफड, म्हणून माईकला वारा अडवणारी केसाळ टोपी लावल्याशिवाय बॅग उघडतच नाही. वायरलेस नेतो, बोलणारा कॅमेऱ्याकडे पाठ करून झाडामागे गेला की सिग्नल तुटतो, म्हणून दादांना आधीच सांगून ठेवतो की घड दाखवायचा तर खोडाच्या या बाजूने.

उन्हाळ्यात बुकिंग सकाळी सहा ते नऊच घेतो. कूलरची गरज नसते आणि रस्त्यावर गाड्या पण कमी.