अक्काचं मत

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. सोलापूर.

काल विधानसभेचा निकाल लागला आणि रात्री जेवण गेलं नाही. शहर मध्यमधून भाजपचे देवेंद्र कोठे निवडून आले, एमआयएम दुसरी, आणि २००९ पासून सलग तीन वेळा प्रणितीताई जिथून आमदार झाल्या तिथं आमचा पंजा तिसरा. राज्यात काँग्रेसला २८८ पैकी १६ जागा. विरोधी पक्षनेत्यासाठी लागतात तेवढे, २९, आमदार आघाडीतल्या एकाही पक्षाकडे नाहीत. सहा महिन्यांपूर्वी, ४ जूनला, ताई ७४ हजारांवर मतांनी खासदार झाल्या तेव्हा याच चौकात मी गुलालात न्हालो होतो. त्या शर्टाचा रंग अजून गेलेला नाही.

रात्री कट्ट्यावर पोरं एकच बोलत होती, लोक फुटले, गल्लीनं दगा दिला. १९९८ पासून बूथचं टेबल सांभाळतोय मी. मीही मान डोलावली.

आज सकाळी अक्काकडे गेलो. उंबऱ्यात बसली होती, मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कडेनं कात्री फिरवायची, पान उजेडाकडे धरून बघायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा. तिची बोटं बोलताना थांबत नाहीत. डोळ्यांवर नवा चष्मा होता.

इतक्या वर्षांत तिला कधी विचारलं नव्हतं, आज विचारलं. अक्का, यंदा कुणाला दिलंस?

"कमळाला," ती म्हणाली. आवाज चोरला नाही की नजर चुकवली नाही. "मे महिन्यात ताईला दिलं होतं की. तेव्हा तू तीनदा आलतास. ह्या वेळी कोण पोरगं होतं, चिठ्ठी दारात टाकून गेलं."

मग चष्म्याला हात लावून म्हणाली, "हा लाडक्या बहिणीच्या पैशातून केला. डागाचं पान आता दिसतंय. बाद म्हणून छाटात विड्या कमी जातात."

जुलैपासूनचे पाच हप्ते, साडेसात हजार रुपये. दीड हजारात मत विकलं असं काल आमच्यातलेच काही जण म्हणत होते. मला त्याचा आता फार राग येतोय. हजार विड्या वळायला दिवस जातो आणि छाट काढल्यावर हातात काय पडतं, हे ज्यानं पाहिलंय तो असं बोलणार नाही.

आणि फुटणं म्हणजे तरी काय? माझ्या आईनं लोकसभेला आयुष्यभर प्रणितीताईंच्या वडिलांना, सुशीलकुमार शिंदेसाहेबांना मत दिलं आणि विधानसभेला लाल बावट्याच्या आडम मास्तरांना. पूर्व भागातल्या कितीतरी विडी कामगार बायकांचं तेच होतं. मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ ला निवडून आले ते अशाच मतांवर. तिला कुणी गद्दार म्हटलं नाही. २००४ ला शिंदेसाहेब मुख्यमंत्री असताना त्यांच्या पत्नी उज्ज्वलाताई लोकसभेला पडल्या, भाजपचे सुभाष देशमुख जिंकले, आणि २००९ ला याच मतदारांनी साहेबांना पुन्हा दिल्लीला पाठवलं. २०१९ ला इथून लोकसभेला प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मतं पडली, आम्ही दीड लाखांवर मतांनी हरलो. यंदा मे महिन्यात त्यातली बरीच मतं आमच्याकडे आली असणार, तेव्हा आम्ही म्हणालो, लोक शहाणे आहेत. आली की शहाणपण आणि गेली की दगा, हे मी काल रात्री मान डोलावून मान्य केलं, याची लाज वाटते.

नेत्यांचं तर विचारूच नये. विष्णुपंत कोठे म्हणजे एकेकाळी साहेबांचा उजवा हात. त्यांच्याच घरातला मुलगा आज कमळावर आमदार झाला. अक्कानं निदान कुठल्या पक्षात प्रवेश केला नव्हता.

काँग्रेस संपली, असंही कालपासून ऐकतोय. १९८४ ला भाजपचे लोकसभेत दोनच खासदार होते, ते जुनं झालं. आपल्या जिल्ह्यातलंच सांगोला घ्या. शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे, गणपतराव देशमुख तिथून अकरा वेळा आमदार. २०१९ ला ते उभे नव्हते आणि त्यांचे नातू अवघ्या ७६८ मतांनी पडले. २०२१ ला गणपतराव आबा गेले. शेकाप आता इतिहासजमा, असं आमच्याच कार्यालयात बसून आम्ही बोललो होतो. काल सांगोल्यातून बाबासाहेब देशमुख निवडून आले, शेकापचेच. सांगोल्याचा माझा एक नातेवाईक सांगतो, हरल्यानंतरही त्यांची माणसं लग्नाला, मयताला, टँकरच्या भांडणाला येतच होती.

आम्ही मात्र ४ जूनला फटाके वाजवले आणि घरी गेलो. मी स्वतः घरी गेलो. ऑगस्टमध्ये अक्का माझ्याकडे आली होती. पाणी पाच दिवसांनी येतं, तेही मध्यरात्री, आणि तिच्या टोकाच्या नळाला धार लागेपर्यंत बंद होतं. बघतो म्हणालो. मतदार यादीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहूनही ठेवलं. आज ती यादी काढली. अक्काच्या नावाला टिक आहे, मागच्या पानावरची पेन्सिल पुसट झालीये, पण वाचता येते. तिच्याखाली आणखी चार घरांची नावं आहेत. त्यांच्याकडेही मी परत गेलो नव्हतो.

आज अक्कानं पाण्याचा विषय काढलाच नाही. चहा दिला, माझा चेहरा बघून जेवलास का विचारलं.

आमच्या गल्लीत मंगळवारी रात्री पाणी आहे. चावीवाला दोनच्या सुमाराला येतो. तेव्हा कोपऱ्यावर उभं राहायचं आणि टोकाच्या नळाला किती मिनिटं पाणी येतं ते घड्याळ लावून लिहून घ्यायचं. यादी उशाशी ठेवलीय.